रांजण धुताना बोलायचं असतं

माझा मामा कमी बोलतो, असं म्हटलं तर कमी बोलणाऱ्या माणसांना राग येईल. तो बोलतच नाही. गावात त्याला 'बरं' म्हणतात, कारण कोणी काहीही सांगितलं तरी त्याचं उत्तर एवढंच असतं. द्राक्षं यंदा लवकर काढावी लागणार, बरं. तुमच्या बकरीने आमचा कोबी खाल्ला, बरं. माझ्या आजीचं आजारपण विकोपाला गेल्याचा निरोप आला तेव्हाही तो "बरं" म्हणाला आणि पायात चपला घालून सरळ बाहेर पडला. तो त्याच पावली दवाखान्यात पोहोचला होता, पण त्या 'बरं'साठी माझ्या आईने, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीने, त्याला कधी माफ केलं नाही.

मी दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर तोंड उघडं ठेवून गप्प बसलेली माणसं बघते, त्यामुळे अबोल माणसांची मला सवय आहे. फरक एवढाच की आमचे पेशंट खुर्चीतून उठले की आधी बोलून घेतात, मामा उठला की चालायला लागतो.

आणि अशा माणसाच्या पदरात देवाने मामी घातली. मामी सकाळी पाव आणायला जाते आणि पावाबरोबर अख्ख्या गावाची खबर घेऊन येते. तिच्या एका गोष्टीच्या पोटात दुसरी असते, दुसरीच्या पोटात तिसरी, आणि ऐकणारा दमला तरी ती दमत नाही. संध्याकाळी मामा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी काहीतरी दुरुस्त करत बसायचा, तिच्याकडे पाठ करून. मामी भांडी घासता घासता सांगत राहायची. मध्येच थांबून विचारायची, "ऐकताय ना?"

"हं."

"काय म्हणाले मी?"

यावर मामा पक्कड शोधायला तळघरात जायचा. "मी भिंतीशी बोलते," मामी मला म्हणायची, "आणि भिंत निदान उठून जात नाही गं." हसून म्हणायची. पण एकदा डोळे पुसतानाही म्हणाली होती, कांदा चिरत नसताना.

मामाच्या त्या तळघरात तीन रांजण आहेत. ते जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले आहेत, त्यामुळे वरून फक्त तीन गोल तोंडं दिसतात, जेमतेम माणूस आत उतरेल एवढी. आत मात्र रांजणाचं पोट सुटत जातं आणि खाली जाऊन पुन्हा निमुळतं होतं. उभ्या माणसाने हात वर केले तरी काठ हाताला लागत नाही. पूर्वी या टेकडीवरच्या प्रत्येक घरात असे रांजण होते. आपल्या उतारावरची द्राक्षं तुडवायची, सालीबियांसकट रस रांजणात सोडायचा, फसफसून शांत झाला की वर दगडी झाकण ठेवून ओल्या मातीने कडा लिंपायच्या आणि थंडी सरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शेजारच्या घरची वाइन वेगळी लागायची, कारण शेजारचा उतार वेगळा. कोणाची दगडाळ जमीन, कोणाला दुपारचं ऊन जास्त. लोक म्हणे घोट घेऊन घर ओळखायचे.

मग खाली रस्त्याला कारखाना आला. तो द्राक्षं तोलून घ्यायचा आणि घरी न्यायला कोणी काही उरवायचं नाही. रांजणांची झाकणं बंद झाली ती झालीच. कोणी त्यात कोळसा भरला, कोणी अडगळ. मामाच्या एका रांजणात तुटकी खुर्ची होती, एकात रिकाम्या बाटल्या आणि तिसऱ्यात माझ्या लहानपणी आम्ही मुलं खडे टाकून आवाज ऐकायचो.

मामा त्याच कारखान्यात नोकरीला होता. सगळ्या टेकड्यांचा रस तिथे एकाच जाड नळातून एका टाकीत जायचा आणि तो नळ सोडायचं नि बंद करायचं काम मामाकडे होतं. तीसेक वर्षं त्याने ते केलं. कामही असं की तोंड उघडायची गरज नाही.

तो निवृत्त झाला त्याच सुमाराला वरच्या आळीतल्या सुताराने आपल्या आजोबांचा रांजण उघडला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण शहरातली एक हॉटेलवाली त्याची वाइन घेऊन गेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभी राहिली. कारखान्याच्या बाटल्या सगळीकडे मिळतात म्हणाली, तिला या टेकडीचीच चव हवी होती. मग दुसऱ्या घराने रांजण उघडला, मग तिसऱ्या. तुडवायची लाकडी परात सगळ्यांत एक, ती या दारातून त्या दारात फिरायला लागली. आणि एका रात्री जेवताना मामाने अख्खं वाक्य उच्चारलं.

"मी आपले रांजण उघडतो."

मामीने हातातला चमचा खाली ठेवला. तिचं ठरलं होतं वेगळंच. माझा मामेभाऊ शहरात राहतो. त्याच्या घरात एक खोली रिकामी होती आणि दोन मुली होत्या, दोघी आजीवर गेलेल्या, म्हणजे तोंडाला कुलूप नाही. मामीला तिकडे जायचं होतं. मला तिने कारणही सांगितलं होतं, अगदी साधं. "तिथे मी काही बोलले की कोणीतरी उलट बोलेल. म्हातारपणी एवढं तरी मिळावं."

मामाला जायचं नव्हतं. का, ते तो सांगणार नव्हता. शेवटी मामीनेच तोड काढली. एक रांजण धुवा, भरा, उघडा. वाइन चांगली निघाली तर इथेच राहू, आयुष्यभर पुन्हा शहराचं नाव काढणार नाही. बिघडली तर तळघर सुताराला वापरायला द्यायचं, घराला कुलूप लावायचं आणि पोराकडे जायचं.

मामा म्हणाला, "बरं."

रांजण धुवायचा म्हणजे त्यात माणूस उतरवायचा, आणि ते कसं करायचं हे गावात एकाच बाईला ठाऊक होतं. तिला सगळे रांजणआजी म्हणतात. तिचा नवरा घरोघरचे रांजण धुवायचा, आणि ती आयुष्यभर रांजणाच्या तोंडाशी बसून त्याच्याशी बोलायची. आवाज फाटका, कान तिखट, आणि स्वभाव त्याहून. ती काठी टेकत आमच्या तळघरात आली आणि तिने नियम सांगितले.

"आधी कंदील सोडायचा. विझला तर माणूस सोडायचा नाही. जळत राहिला तर सोडायचा, पण कमरेला दोरी बांधून. खाली वाईट हवा असते. तिला वास नाही, रंग नाही. गाळ खरवडला की वर येते आणि माणसाला झोप येते, अशी छान झोप की उठायचं नाव नको. म्हणून आतल्याने बोलत राहायचं. सारखं. वरच्याने उत्तर द्यायचं. आतला गप्प झाला की दोरी ओढायची. विचारत बसायचं नाही, ओढायचीच."

मी मामाकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे पाहिलं. माझा जन्म झाल्यापासून मी त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"दुसरा कोणी उतरेल का?" मामीने विचारलं.

"माझा नवरा गेला, आता ज्याचा रांजण त्याने धुवावा. आणि या तोंडातून आत जाईल असा दुसरा काडीपैलवान गावात आहे कुठे?" आजी म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जायचं होतं, त्यामुळे पुढचं आमचं आम्हीच करायचं होतं.

ठरल्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेले. दोरी माझ्या हातात, कारण माझे दंड मजबूत आहेत. दाढ काढताना पेशंटला धरून ठेवावं लागतं. मामी रांजणाच्या काठाशी बैठक मारून बसली. तिने केस विंचरले होते आणि बाहेर जायची शाल घेतली होती. कंदील नीट जळला. मग मामा शिडीने आत उतरला, आम्ही शिडी वर घेतली, राखेच्या पाण्याची बादली आणि झाडाच्या सालीचा कुंचा खाली सोडला.

आतून आवाज आला, "एक. दोन. तीन. चार."

"हे काय?" मामी म्हणाली.

"बोलतोय."

"आकडे म्हणजे बोलणं नव्हे. आकडे माणूस झोपेतही म्हणतो. काहीतरी सांगा."

मग नुसता कुंच्याचा आवाज. मी दोरी ताणली, तसा तो घाईघाईने म्हणाला, "कारखान्यातला नळ पितळी होता." मग त्या नळाचं सगळं आलं, त्याचं चाक किती आट्यांचं, वायसर कधी बदलला. रांजणात माणसाचा आवाज घुमतो, भारदस्त होतो. तो नळाचं सांगत होता, तरी ऐकायला बरं वाटत होतं. मामी "मग?" म्हणत होती, "पुढे?" म्हणत होती. मी त्या बाईला पहिल्यांदाच एका शब्दावर थांबताना पाहत होते.

आणि मग तो म्हणाला, "आपल्या उताराचा रस नळात आला की मला वासावरून कळायचं."

"काय?"

"जरासा धुरकट वास असतो त्याला. बाकी कोणाच्या नाही. थोडा वेळ यायचा, मग वरच्या टेकडीचा रस मागून आला की मिसळून जायचा. दरवर्षी यायचा. दरवर्षी मीच नळ सोडायचो." कुंचा थांबला, पुन्हा सुरू झाला. "मला एकदा तो एकटा चाखायचा आहे. बाकी काही नाही."

वरच्याने उत्तर द्यायचं असतं म्हणून मी तिला कोपराने ढोसलं. "हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली.

त्यानंतर मामा थोडा वेळ बागेच्या कुंपणाबद्दल बोलला, थोडा वेळ बकरीबद्दल. मग म्हणाला, "झालं. शिडी सोडा." आम्हाला वाटलं, हाताला सफाई असेल, लवकर झालं. वरून कंदील धरून पाहिलं तर रांजणाचं पोट आरशासारखं स्वच्छ. अख्खा दिवस लागतो असं आजी म्हणाली होती ते आम्ही म्हातारीचं वाढवून बोलणं समजलो. जेवायच्या वेळेला आम्ही जेवायला बसलो होतो.

द्राक्षं भरली, रस फसफसला, शांत झाला, झाकण लिंपलं. त्या थंडीत मामा रोज एकदा तळघरात जायचा आणि झाकणावर हात ठेवून यायचा. मामी मला फोनवर हे सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बघू." तिच्या त्या 'बघू'त कुठेतरी आशा होती, फक्त कसली ते मला कळायचं नाही.

झाकण काढायच्या दिवशी सुतार आला, रांजणआजी आली, ती हॉटेलवालीही आली. मामाने माती फोडली, दगड सरकवला. आणि कोणी ओगराळं बुडवायच्या आधीच नाकाला झोंबलं. व्हिनेगर. एक अख्खा रांजणभर व्हिनेगर. मामाने तरीही थोडं काढलं, तोंडात धरलं आणि कोपऱ्यातल्या घमेल्यात थुंकलं.

"गेली," तो म्हणाला.

हॉटेलवाली चांगली बाई होती. पहिल्या वर्षी कोणाचंही होतं, म्हणाली, आणि जास्त न थांबता गेली. पण रांजणआजी हलली नाही. तिने सुताराकडून सगळं उपसून घेतलं. उरलेल्या ओल्या गाळात लांब दांड्याचं ओगराळं सोडलं, तळ खरवडला आणि वर आलेली तपकिरी साय बोटावर घेऊन उजेडात धरली.

"हा जुना आहे. या वर्षीचा नाही. वरचं पोट लख्ख आणि बुड तसंच. बुड कोणी धुवायचं, माझ्या मेलेल्या नवऱ्याने?" आणि मामीकडे वळून म्हणाली, "शेवटचं पाणी चाखलंस का?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"विचारायचं असतं."

मामी मामाकडे बघत होती. "बुड का राहिलं?"

मामा हातातलं ओगराळं पुसत होता. आधीच कोरडं होतं ते. "बोलणं संपलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सांगण्यासारखं काही उरलं नाही. गप्प झालो असतो तर तुम्ही दोरी ओढली असती. म्हणून वर आलो."

मला हसू आलं, खरंच आलं, आणि मामीचा चेहरा पाहून ते तिथल्या तिथे विरलं. वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं, कारण या माणसाकडे स्वतःच्या बायकोला सांगायला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त काही नव्हतं. मामीने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती वर गेली आणि माळ्यावरून खोके काढायला लागली.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. मी शक्य होईल तेव्हा आवराआवरीला जात होते. मामी भांडी कागदात गुंडाळायची, गुपचूप. पाव आणायला जायची आणि नुसता पाव घेऊन यायची. मामा खिडकीपाशी पाठ करून बसायचा, दुरुस्त करायला हातात काही नसताना. त्या घरात दोघंही गप्प आहेत, हे मी पहिल्यांदा पाहत होते आणि मला ते अजिबात सहन होत नव्हतं. सामान न्यायला टेम्पो ठरला. त्याच दिवशी, टेम्पो यायच्या आधी, एक काम उरलं होतं. आंबलेला रांजण तसाच सोडला तर आंबटपणा मातीत मुरतो आणि रांजण कायमचा मरतो. सुताराला तळघर द्यायचं तर रांजण धुऊन द्यायला हवा, एवढी लाज दोघांनाही होती.

म्हणून पुन्हा आम्ही तिघं तळघरात. कंदील सोडला, जळला. मामा उतरला. मी दोरी धरली. मामी काठाशी बसली, या वेळी घरातल्या जुन्या स्वेटरमध्ये.

"सुरू करा," ती म्हणाली. "आकडे म्हणायचे असतील तर आकडे म्हणा. मी आता तक्रार करणार नाही."



खाली कुंचा चालू झाला. मामा खाकरला. "पाववाल्याच्या मोठ्या मुलीने न्हाव्याशी लग्न मोडलं," तो म्हणाला.

मामी दचकली. "कधी?"

"झाली बरीच वर्षं. तू सांगितलं होतंस. न्हाव्याने तिच्या आईचे केस कापताना कानाला कात्री लावली आणि वर म्हणाला, कानच मोठा आहे. त्यावरून मोडलं. मग तिने पोस्टातल्या माणसाशी केलं. त्याचे कान मोठे होते."

मामी रांजणाच्या तोंडात वाकून बघायला लागली. आत अंधार आणि कंदिलाचा पिवळा ठिपका.

"तू हे सांगितलंस तेव्हा मी इस्त्रीची वायर बदलत होतो," आतून आवाज आला. "त्याच्या आदल्या दिवशी तू तुझ्या मावशीचं सांगितलं होतंस. ती बोटीत चढताना घाबरून बसली आणि बोट निघून गेली, आणि मग आयुष्यभर सगळ्यांना सांगायची की ती परदेशी जाऊन आली. तिचा हिरवा कोट होता."

"निळा," मामी म्हणाली.

"पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा हिरवा होता. पोरगा झाल्यावर पुन्हा सांगितलंस तेव्हा निळा झाला."

"निळाच होता. मी पाहिलाय."

"बरं. मग पहिल्यांदा चुकून हिरवा म्हणालीस."

आणि तो सांगत राहिला. तिची शाळा सांगितली, शाळेतली बाई सांगितली जी खडू खायची. मामीच्या आईने रागाने विहिरीत फेकलेलं घड्याळ सांगितलं. ते वर काढलं तेव्हा ते कसं चालूच होतं, ते सांगितलं. कोण कोणाशी भांडलं, कोणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कोणी कोणाला काय उलट बोललं, मामीच्या तोंडून ऐकलेलं सगळं, तिच्याच शब्दांत, क्रमाने, तो तिला परत देत होता. तिने हसून सांगितलेलं तो हसून सांगायचा. मी मामाला हसताना ऐकत होते. रांजण हसत असल्यासारखं वाटत होतं. मध्ये त्याने एकदा आवाज उतरवून सांगितलं की, दुसरं मूल पोटातच गेलं त्या आठवड्यात तू फक्त खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल बोलत होतीस, रोज, किती पानं गळली ते. ते झाडही त्याला आठवत होतं.

मामी रडत होती. नाक पुसत होती आणि चुका दुरुस्त करत होती. "दूधवाली नव्हे, तिची जाऊ." "तो पाय डावा." तिला उत्तर द्यायला एकही वाक्य कमी पडलं नाही.

"मग तेव्हा का नाही काही बोललात?" तिने एकदा विचारलं. "मी विचारायचे, काय म्हणाले मी, तर उठून जायचात."

कुंचा थांबला. मी दोरी ताणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "तू परीक्षा घेतल्यासारखं विचारायचीस. मला भीती वाटायची, कोट चुकेल."

बादलीमागून बादली वर येत होती. तपकिरी, मग फिकट, मग गढूळ, मग स्वच्छ. आता तो बुडाशी होता, आवाज खोलातून येत होता. दुपार उलटून गेली तरी कोणी जेवणाचं नाव काढलं नाही. मी एकदा वर जाऊन पाव आणला आणि दोरी काखेत धरून खाल्ला.

शेवटी एक बादली अशी आली की तिच्या तळाचा पत्रा दिसत होता. मामीने पेल्यात पाणी घेतलं. या वेळी आजीने बजावून सांगितलं होतं. तिने चाखलं, तोंडात घोळवलं, गिळलं. पेला माझ्याकडे दिला. मीही प्यायले. आम्ही दवाखान्यात खुळखुळायला पाणी देतो, ते यापेक्षा खराब असतं. या पाण्याला व्हिनेगरचा वास नव्हता, गाळाचा नव्हता, मातीचाही नव्हता. रांजण धुऊन झाला होता.

"काय म्हणतंय पाणी?" खालून मामाने विचारलं.

मामीने माझ्याकडे पाहिलं. "अजून वास येतोय," ती म्हणाली. "एक पाणी अजून काढा."

"बरं," मामा म्हणाला आणि तिच्या चुलतभावाच्या घोड्याचं सांगायला लागला.

तेवढ्यात वर दार वाजलं. टेम्पोवाला आला होता. तो जिना उतरून तळघराच्या दारात उभा राहिला, जमिनीतून येणारा बोलण्याचा आवाज ऐकून जरा मागे सरकला आणि म्हणाला, "खोके वरचे सगळे न्यायचेत ना? भरायला सुरुवात करू?"

"थांबा जरा," मामी म्हणाली आणि रांजणात वाकली. "अहो, तुमचं किती राहिलंय अजून?"

खाली कुंचा घासत राहिला. मामा विचार करत असावा. "अगं, अजून तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्नही नाही झालं," तो म्हणाला.

मामी सरळ झाली. स्वेटरच्या बाहीने तिने तोंड पुसलं.

"ऐकलंत ना?" ती टेम्पोवाल्याला म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय अजून. तुम्ही जा. यंदा काही जमत नाही आम्हाला."

टेम्पोवाल्याने मामीच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तो जिना चढून गेला आणि टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

मामीने ते स्वच्छ पाणी मोरीत ओतलं, रिकामी बादली हुकाला लावली आणि खाली सोडली.

"हं," ती म्हणाली. "घोड्याचं काय झालं मग?"

घोड्याचं काय झालं ते तिला ठाऊक होतं. मी दोरी हाताला एक वेढा देऊन घट्ट धरली आणि ऐकत बसले.